करंटचं भजन आणि मधला चहा

आप्पा, तुला बसवलं होतं. तुमच्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत हे मला माहीत होतं, तुझ्या वडिलांच्या मातीला मी होतोच. तरी त्या दिवशी दारातून आत आलो आणि तू समोर ताठ बसलेला दिसलास, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात हार, डोळे मिटलेले, तेव्हा माझा पाय उंबऱ्यातच अडला. कारण हे बसणं माझ्या फार ओळखीचं होतं. दुकानामागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, डोळे मिटून तू असाच बसायचास. मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचो आणि मग कॅसेट संपेपर्यंत तू मला नसायचासच.

बाहेर अंगणात तुमचं भजनी मंडळ बसलं होतं. मृदंगावर तुझ्या जागी दुसराच कुणी होता आणि तो ठेका जरा पुढं पळवत होता. मला वाटलं, आता तू डोळे न उघडता एक भुवई वर करशील. नेहमी करायचास तशी. मी वाट बघितली. तू केली नाहीस, आणि तेव्हा मला पटलं की तू खरंच गेलास.

माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत तो छोटा स्पीकर होता. रविवारी मी यायचं ठरलंच होतं, म्हणून पिशवी आधीपासून भरून दाराशी ठेवली होती. शनिवारी सकाळी तुझ्या पोराचा, शिवराजचा फोन आला. "काका, आप्पा गेले," एवढंच तो बोलू शकला. मी चपला घातल्या, पिशवी उचलली आणि नांदेडहून मिळेल त्या गाडीनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूरजवळ माझ्या लक्षात आलं की मांडीवर काय आहे. मातीला स्पीकर घेऊन आलेला लातुरातला मी पहिलाच माणूस असेन. तू असतास तर गंजगोलाईत दुकानोदुकानी सांगत फिरला असतास.

तुला एक गोष्ट सांगायची होती. रविवारसाठी मुद्दाम राखून ठेवली होती. ती राहून गेली, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय. आता म्हणशील, सरळ सांग की. पण मी सरळ मुद्द्यावर आलोय का कधी?

तुझ्या दुकानावरची खोली मी भाड्यानं घेतली तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवायला नवाच लागलो होतो. खाली तू जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरत बसायचास, वर मी वह्या तपासायचो, आणि तुझ्या मोटारी चालवून बघण्याच्या आवाजानं माझं टेबल थरथरायचं. पहिल्या दिवशी तू मला "सर" म्हणालास. महिनाभरात अरे-तुरेवर आलास, पण "सर" काही सोडलं नाहीस. "काय सर, जेवलास का?" हे भर रस्त्यात ऐकून माझे विद्यार्थी फिदीफिदी हसायचे. मी रागवायचो. तू आणखी मोठ्यानं म्हणायचास.

तुझा मावसभाऊ तेव्हा हैदराबादला शिकायला होता. सुट्टीत आला तो दोन कॅसेटी घेऊन. कुणाकडून तरी भरून घेतलेल्या, वर नाव नाही, कागद नाही, टॉवेलात गुंडाळलेल्या. त्यालाही फार माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या मंडळींचा जाझ आहे, त्यात रॉक मिसळलाय, सत्तरच्या दशकातला, मोठ्या हॉलमध्ये लोकांसमोर वाजवलेला, एवढं त्यानं सांगितलं. आणि जाता जाता म्हणाला की ह्यात सगळी वाद्यं करंटवर आहेत. तोपर्यंत तू तार गुंडाळत होतास. हात थांबला.

"पेटीबी करंटवर?"

"पेटीबी."

"मंग लाव की."

पहिल्या वेळी मला त्यातलं काहीच कळलं नाही, आप्पा, आणि कळलंय असं मी तोंड केलं होतं. इंग्रजीचा प्राध्यापक ना मी, अमेरिकेचं काही आलं की ते आपल्याच खात्यात येतं असं वाटायचं. तुतारीसारखं काहीतरी उंच ओरडत होतं, गिटार करवतीसारखी चालली होती, खाली एक जाड तारेची गिटार पोटात वाजत होती, आणि ड्रमवाला कुणाचं ऐकत होता देव जाणे. मी कपाळाला आठ्या घालून मान हलवत होतो. तू मात्र डोळे मिटून बसलास आणि संपल्यावर म्हणालास, "हे भजन हाय. एकानं सोडलं की दुसऱ्यानं धरायचं. तोंडं कुनीकडंबी असू दे, कान सगळ्याचे सगळ्याकडं. करंटचं भजन हाय हे." तेच नाव पडलं. खरं नाव मला अगदी अलीकडे कळलं आणि ते मला अजूनही परक्याचं वाटतं.

मग प्रश्न आला की दोनातली पहिली कुठली. एका कॅसेटीत सुरू होताच वादळ होतं, सगळे एकदम तुटून पडलेले. दुसरी हळूच सुरू व्हायची, मधे भरात यायची आणि पुन्हा निवायची. मी म्हणालो, तुझ्या भावाला पत्र टाकून विचारू. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी पायजमा उलटा घालून आलोय.

"ह्यात काय इचारायचंय सर? हळू हाय ती पयली. कोनचंबी भजन आधी हळूच उठतंय. आल्या आल्या कुनी बोंबलतंय का?"

मोटारींवर गिऱ्हाइकाचं नाव टाकायचा लाल रंग तू घेतलास आणि हळू कॅसेटीवर एक, वादळाच्या कॅसेटीवर दोन असे आकडे काढलेस. विषय संपला. लातुरात, तुझ्या दुकानामागच्या खोलीत, त्या अमेरिकन मंडळींची मैफल त्या दिवसापासून त्याच क्रमानं झाली.

आणि मधला चहा. तो कसा सुरू झाला ते आठवतं का? एक नंबरच्या कॅसेटीच्या शेवटी ती मंडळी एकेक करून थांबतात. आधी गिटार थांबते. मग ड्रम. मग ती पोटातली गिटार, मग तुतारी. शेवटी करंटची पेटी एकटी उरते, अडखळत दोन सूर वाजवते, आणि मग नुसती टेपची खरखर. एका रविवारी गिटार थांबली आणि तू डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालास, "गिटारवाला गेला चहाला." मी हसलो. ड्रम थांबले. "ह्यो बी गेला." मग तुतारीवाला गेला. पेटी एकटी राहिली तेव्हा तू म्हणालास, "पेटीवाला बिचारा मागं ऱ्हातोय. समदेच उठले तर सामानाजवळ कोन बसंल?" खटकन कॅसेट बंद झाली आणि तू आत तोंड करून ओरडलास, "महादेवी, मंडळी आली चहाला!"

आतून वहिनींचा आवाज आला, "अय्यो, आले का तुमचे अमेरिकेचे पावने? साकु आता!" वहिनी बिदरकडच्या. पुरे म्हणायचं झालं की त्यांच्या तोंडात अजून कानडीच येतं. साकु म्हणत म्हणत त्यांनी चहा केला, त्यात नेहमीसारखी साखर ओतली, आणि चहा झाल्यावर आपण दोन नंबरची कॅसेट लावली. वादळ सुरू झालं. "बग," तू म्हणालास, "चहा घेऊन आले की कसे वाजवायलेत."

तेव्हापासून ते वाक्य चुकलं नाही. पाहुणे असोत, भांडण झालेलं असो, गिटार थांबली की गिटारवाला चहाला गेलाच पाहिजे. करंट डीम व्हायचा तेव्हा टेप हळू फिरायची आणि सगळी मंडळी रडवेली व्हायची. तू म्हणायचास, आज ह्यांचा उपास हाय. करंट गेला की आपण तसेच बसून राहायचो. तू मृदंगाचे बोल मांडीवर वाजवत पुढचं भजन चालू ठेवायचास आणि करंट येईपर्यंत नेमका त्या ठिकाणी पोचल्याचा दावा करायचास. कधीच पोचायचा नाहीस. मी चूक दाखवायचो. तू म्हणायचास, "त्येंची चुकी झाली आसंल."

पुढं माझी बदली नांदेडला झाली. कॅसेटी तुझ्याकडंच राहिल्या, त्यामुळे मला लातूरला यावंच लागायचं. मला वाटतं तू त्या मुद्दामच दिल्या नाहीस. मी दोनदा मागितल्या होत्या, भरून घेऊन परत देतो म्हणालो होतो. तू म्हणालास, देवघरातला देव कुनी झेरॉक्सला देतंय का. मला राग आला होता. आज त्याचं बरं वाटतं. कॅसेटी माझ्याकडे असत्या तर मी इतक्या वेळा आलो असतो का, ठाऊक नाही.

आपण कशाकशावर भांडलो, आप्पा. तुतारीवाला आणि गिटारवाला यांच्यात भावकी आहे, असं तुझं ठाम मत होतं. "ऐक नीट. एकमेकाला उत्तर देतेत, पन नाव घेत न्हाईत. बांधावरून वाजलंय ह्यांचं." मी म्हणायचो, अरे ते भाऊ नाहीत, एक काळा एक गोरा असतील, वेगळ्या गावचे असतील. तू म्हणायचास, भावकी व्हायला भाऊ लागतेत व्हय. या वादाचा निकाल लागला नाही. आता तर लागणारही नाही, पण तुला सांगतो, काल ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की त्यांचं खरंच काहीतरी वाजलेलं असावं.

खरा वाद गेल्या वर्षी लागला. माझी लेक सई पुण्याहून आली होती, तुझ्याकडे आपण तिघं बसलो होतो, तिनं कॅसेट चालू असताना मोबाईल समोर धरला. मोबाईलनं अल्बम ओळखला. तू मोबाईलकडं असं बघितलंस, जणू अनोळखी माणसानं तुझ्या आजोळचं नाव घेतलं. सई म्हणाली, "काका, हा नुकताच नव्यानं काढलाय. मूळच्या टेपा शोधून, खरखर काढून, एकेक वाद्य उजळून. रीमास्टर म्हणतात त्याला."

"म्हंजे घासून काढला?"

"तसंच समजा."

"भांडं घासलं की कल्हई जातीय, पोरी," तू म्हणालास. पण कान टवकारले होते तुझे, मला दिसत होतं.

नांदेडला घरी येऊन मी सगळी यादी बघितली आणि मला आनंदाची उकळी फुटली. आपण मैफल उलटी ऐकत होतो! वादळाची कॅसेट पहिली होती. ती मंडळी स्टेजवर आली तीच तुटून पडली होती. आणि आपली एक नंबरची, हळू कॅसेट, ती शेवटची. मी लगेच तुला फोन लावला. अगदी ओरडून सांगितलं. पडद्यावर काय दिसतंय ते वाचून दाखवलं. मी "हॅलो, हॅलो" केलं. मग तू विचारलंस, "म्हंजे ते चहाला जातेत, ते?"

"ते चहाला नाही जात, आप्पा. तिथं कार्यक्रम संपतो. एकेक जण थांबतो आणि संपतं."

"परत येत न्हाईत?"

"नाही."

मग तू म्हणालास, "न्हाई. येतेत," आणि फोन ठेवलास.

मला वाटलं हट्ट आहे. तुझा हट्ट मला काय नवा? पडलास तरी नाक वर, हे मी तुला तोंडावर सांगितलेलं आहे. मग वर्षभर हाच वाद. दर फोनला. मी म्हणायचो, पुरावा आहे माझ्याकडं. तू म्हणायचास, मोबाईलला काय कळतंय भजनातलं. मी म्हणायचो, त्यांची रीत वेगळी असेल, ते वादळानं सुरू करत असतील. तू म्हणायचास, "सर, मानूस आधी रांगतंय, मंग पळतंय. आधी पळून कुनी रांगलंय का?" मी म्हणालो, "रांगतं की. म्हातारपणी." तू हसलास. पण लगेच विषय बदललास, पावसाचं काय म्हणतोस विचारलंस. तुझ्या छातीत दुखायला तोवर सुरुवात झाली होती आणि तू कुणाला बोलला नव्हतास.

मग शिवराजनं तुला नांदेडला आणलं, स्टेंट टाकला. मी रोज येऊन बसायचो. तू पलंगावर आडवा, आणि मला ते बघवायचं नाही, कारण तुला मी आडवा कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी जरा हुशारी आली तसा तू म्हणालास, "सर, ते परत येतेत. तू कायबी म्हन."

मी म्हणालो, "बरं."

तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस, चांगलाच घाबरलास. "काय रे? डॉक्टर काय म्हनला का तुला? आज लगीच बरं म्हनलालास."

मी खूप हसलो, तू पोटाला हात लावून हसलास, नर्स रागावली. बाहेर आलो आणि जिन्यात बसून रडलो. हे तुला माहीत नाही. तुझ्यासमोर रडलो असतो तर तू म्हणाला असतास, सर, करंट डीम झाला का तुझा?

आता ती गोष्ट.

तू लातूरला परत गेलास, बरा झालास असं सगळे म्हणत होते. एका दुपारी मी कानात इयरफोनचं ते बोंडूक घालून नवा अल्बम शेवटपर्यंत ऐकला. तोवर मी वादळच ऐकत होतो, शेवटाला जायचं टाळत होतो. गिटार थांबली, ड्रम थांबले, पेटी एकटी उरली. तिचे शेवटचे दोन सूर झाले. आपल्या कॅसेटीत इथं खरखर होती आणि मग खटकन बंद. यात खरखर नव्हती. आत मोकळी शांतता होती, मोठ्या हॉलमधली. कुणीतरी खोकलं. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. पेटीवाला उठला असावा. मग पावलं, लाकडी फळ्यांवरून जाणारी, सावकाश. आणि मग, आप्पा, लांबवर, पडद्यामागं कुठंतरी, किणकिण झाली. काचेची किंवा चिनी मातीची. कुणीतरी थोडं हसलं. त्यानंतर टाळ्या.

मी मागं घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग एकटाच खोलीत मोठ्यानं म्हणालो, "अरे, गेले की चहाला!" बायको आली विचारायला, काय झालं. मी म्हणालो, आप्पा जिंकला.

तुला तेव्हाच फोन करायला हवा होता असं आता लोक म्हणतील. मी केला नाही, कारण असली गोष्ट फोनवर सांगायची नसते. मला तुझं तोंड बघायचं होतं. तू भिंतीला पाठ लावून बसलेला, डोळे मिटलेले, पेटी थांबलेली, आणि मग ती किणकिण, आणि तुझे डोळे उघडताना. मी ते मनात इतक्या वेळा बघितलं आहे की कधीकधी वाटतं ते झालंच.

आणि नेमका त्याच आठवड्यात तुझा फोन आला. "सर, ये ह्या रविवारी. तुझ्या म्हनन्यापरमानं ऐकू. आधी वादळ, मंग हळू. चहा आधीच घेऊ, मधी न्हाई." तुझा आवाज मऊ होता. मला आवडला नाही तो मऊपणा. तू वाद सोडत होतास. तू वाद सोडलेला मला चालणार नव्हतं. मी म्हणालो, "येतोय ना मी, घाई कशाला करतोस? मधला चहा ठेव. लागेल." तू विचारलंस कशाला. मी म्हणालो, रविवारी कळेल. तू म्हणालास, "लई खुशीत हाईस सर," आणि आपलं ते शेवटचं बोलणं.

आप्पा, मी तुला हरवायला येत नव्हतो. मी हरायला येत होतो. पिशवीत माझी हार घेऊन मी लातूरला आलो आणि तू बसलेला होतास, डोळे मिटून, आणि मला ती काढून दाखवता आली नाही. तुझ्या हातात इष्टलिंग ठेवलं, बेल वाहिला, तुला तसाच बसलेला खाली उतरवला, लोकांनी माती लोटली. मीही लोटली. पिशवी खांद्यालाच होती.

तुझ्यामागच्या गणाराधनेचं जेवण काल झालं. माणसं पांगली, मंडप उतरवायला सुरुवात झाली. मी दुकानामागच्या खोलीत जाऊन बसलो. तुझी भिंत तिथंच आहे. तुझ्या पाठीचा तेलकट डाग आहे, शिवराजनं रंग देताना तेवढी जागा सोडलेली दिसते. टेपरेकॉर्डरवर फडकं झाकलेलं होतं आणि त्यावर त्या दोन कॅसेटी, लाल आकडे अजून ठळक. शिवराज आला, शेजारी बसला. तो म्हणाला, "काका, आप्पा दवाखान्यातून आल्यापासून रोज लावायचे. एक नंबरची झाली की आईला चहा मागायचे आन् दोन नंबरची ऐकल्याबिगर जेवायचे न्हाईत. मधीच कुनी गिऱ्हाईक आलं तर मला पाठवायचे. दोन नंबरची लावायची राहिली, असं एकदाबी झालं न्हाई."

मी पिशवीतून स्पीकर काढला.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या खोलीत त्या कधी बसल्या नाहीत, तुला माहीत आहे. म्हणाल्या, "लावा भावजी. तुमचं ते ऐकायचं ऱ्हायलं म्हनून लई बोलायचे."

कुठल्या क्रमानं लावायचं, यावर मी जरा थांबलो. मग तू फोनवर म्हणालास तसंच लावलं. आधी वादळ. आप्पा, काय वाजवलंय रे त्यांनी! घासून कल्हई गेलेली नाही. ड्रमवाल्याचा श्वास ऐकू येतो. तारांमधला करंट गुणगुणतो, तुझ्या दुकानात मोटार नुसती जोडून ठेवल्यावर गुणगुणायची तसा. तुतारीवाला एके ठिकाणी चुकतो आणि गिटारवाला त्याची चूक उचलून पुढं नेतो. कॅसेटीत हे कळतच नव्हतं. भावकी असेल, पण अडल्या वेळी धावून आला.

मग हळू बाजू आली. भरात आली, निवायला लागली. गिटार थांबली.

"गिटारवाला गेला चहाला," दारातून आवाज आला.

मी वळून बघितलं. वहिनींनी डोळे मिटले होते. ड्रम थांबले. "ह्यो बी गेला," त्या म्हणाल्या. तुतारी थांबली, तेव्हा शिवराजनंच हळूच म्हटलं. इतकी वर्षं भिंतीपलीकडं आख्खं घर ऐकत होतं, आप्पा. आपल्याला वाटत होतं आपण दोघंच बसलोय.

पेटी एकटी राहिली. तिचे ते दोन सूर आले. मग शांतता, खोकला, स्टूल सरकलं, पावलं गेली. किणकिण झाली.

वहिनींनी डोळे उघडले. "हे काय वाजलं?"

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

"कप हाय," त्या म्हणाल्या. "कपबशी. आयुष्यभर तुमच्या दोघाचे कप उचललेत, मला कळत न्हाई व्हय?" आणि मग त्यांच्या तोंडाला पदर गेला आणि आम्ही तिघंही रडलो, टाळ्या वाजत होत्या तोवर. त्या लोकांनी खूप वेळ टाळ्या वाजवल्या.

शिवराजनं डोळे पुसून विचारलं, "संपलं का, काका?"

मी उत्तर द्यायच्या आत वहिनी वळल्या होत्या. "संपतंय कशाचं. मी चहा ठिवते. तुम्ही दुसरं लावून ठिवा."

तू बरोबर होतास, आप्पा. हे तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं, ते असं म्हणावं लागलं. चहा आला, साखर नेहमीसारखी जास्त होती, आणि मी वादळ पुन्हा लावलं. सगळे परत आले.